‘बिल निघालं की देतो’

साताऱ्याकडच्या एका वाचकाने जिल्हा परिषद शाळेच्या आवारातलं पेव्हर ब्लॉकचं काम पोटठेक्याने घेतलं आणि 12 जून 2023 ला संपवलं. 6 लाख 40 हजार अडकलेत. मुख्य ठेकेदाराचं पालुपद एकच: खात्याकडून बिल निघालं की देतो. लेटरहेडवरच्या वर्क ऑर्डरमध्येही हेच वाक्य आहे. नावगाव बदललं की हेच पत्र मला महिन्यातून दोनदा येतं.

खात्याच्या कारभारावर तुम्ही लिहिलेली दोन पानं बाजूला ठेवतो. खात्याशी तुमचा करार नाही; दावा मुख्य ठेकेदारावरच. आणि त्याची मुदत साधारणपणे काम संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे 12 जून 2026. उरले जेमतेम दोन महिने! इतक्या काळात एक लेखी मागणी नाही? फोन केले म्हणता. फोनला पोच नसते.

‘बिल निघालं की’ या अटीमुळे मुदत पैसे आल्या दिवसापासून मोजावी, असं म्हणता येईल. पण त्या भरवशावर राहू नका. बिल निघालं का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेली खात्याची वही) आणि अदा झालेल्या बिलांची प्रमाणित प्रत मागा. उत्तराला 30 दिवस, म्हणजे अर्ज आजच.

रक्कम 3 लाखांवर असल्याने हा वाद व्यापारी न्यायालयात जाईल, आणि तिथे दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज लागतो. तो चुकवला तर दावा दारातूनच परत येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात. पुढे न्यायालय किती वर्षं घेईल ते विचारू नका, मलाही बोलवत नाही.

उद्यम नोंदणीच्या, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीच्या, जोरावर थकबाकीसाठी लघुउद्योग परिषदेकडे जाता येईल का? मजुरी-मालासकट घेतलेल्या ठेक्यांना लघुउद्योगांचा तो कायदा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. शिवाय तुमची नोंदणी कामानंतरची. त्यात वेळ घालवू नका.

मध्यस्थीची नोटीस मिळाली की ठेकेदार चहाला बोलावेल. जा. पण उठण्याआधी ‘इतकी रक्कम देणे बाकी’ एवढं त्याच्या सहीने, तारखेनिशी लिहून घ्या. सही मुदतीच्या आत झाली तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मिळतात. 13 जूनच्या नुसत्या कबुलीला ते बळ नाही.