घरात राहून साधना: नव्या साधक भावाला

भाऊ, जय भीम. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलास, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसायचं ठरवलंस, मनापासून आनंद वाटला. पण संध्याकाळी सातला तू दार लावून बसतोस तेव्हा घरात काय चाललेलं असतं ते बघ. भाकरी, लेकरांचा अभ्यास, तुझ्या आईची औषधं, सगळं बायकोच्या एकटीवर येतं. तो तास तिच्याशी बोलूनच ठरव. पोरं झोपल्यावर बसलास तरी चालेल. सकाळचा तास पहाटे पाचला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, घे. आपल्या जळगावकडच्या उन्हाळ्यात थोडा गारवा असतो तो तेवढाच.

दीघ निकाय या बौद्ध ग्रंथातलं सिगालोवाद सुत्त नक्की वाच. सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना हात जोडायचा, बुद्धांनी त्याला त्या दिशांमध्ये नाती दाखवली. पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. तिचा सन्मान करणं, अपमान न करणं, एकनिष्ठ राहणं, घराचा कारभार तिच्या हाती सोपवणं, दागिने देणं, ही पतीची पाच कर्तव्यं त्यात सांगितली आहेत. मग बायकोला दिलेला वेळ धम्माबाहेरचा कसा?

कापूस वेचणीत तास जमणार नाही. अर्धा तास बस, पण मोडू नकोस. पौर्णिमेला सगळे मिळून विहारात जा.

आणि तिची इच्छा असेल तर तिलाही शिबिराला पाठव, ते दहा दिवस चूल आणि लेकरं तू सांभाळ. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धुळ्याकडे केंद्र आहे, इगतपुरी गाठायलाच हवी असं नाही. नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा वेचणीनंतरच्या तारखा आत्ताच बघून ठेव.