वाचकांचे प्रश्न : ‘विषाणू’, ‘बेशिस्त’ आणि खेळाडूची कारकीर्द

खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मार्च २००६ मध्ये आमच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर इंग्लंडच्या अ‍ॅलिस्टर कुकने पदार्पणातच शतक ठोकले, ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. मार्कस ट्रेस्कोथिक मायदेशी परतल्यामुळे त्याला संधी मिळाली होती आणि तो ट्रेस्कोथिक पुढे फारसा दिसलाच नाही. हल्ली अनेक खेळाडू मानसिक आरोग्याचे कारण देऊन विश्रांती घेतात. अशी विश्रांती एकदा घेतली की कारकीर्द संपते का? आणि पूर्वीचे खेळाडू हे सारे निमूटपणे सोसतच होते ना?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : आपण पाहिलेल्या त्या कसोटीतच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. त्या दौऱ्यातून इंग्लंडचे दोन प्रमुख फलंदाज परत गेले होते. कर्णधार मायकेल वॉन याचा गुडघा दुखावला होता, आणि ते त्याच दिवशी साऱ्या जगाला सांगण्यात आले. ट्रेस्कोथिक बडोद्याहून परतला तेव्हा मात्र ‘कौटुंबिक कारण’ एवढेच जाहीर झाले, आणि काही आठवड्यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने स्वतःच एका विषाणूला दोष दिला. प्रत्यक्षात ते नैराश्य आणि तीव्र चिंता यांचे आजारपण होते. घरापासून दूर, परक्या देशातील हॉटेलच्या खोलीत ते उफाळून येत असे. आजाराशी झुंजायचे आणि त्याच वेळी त्याविषयी सांगितलेली सबबही सांभाळायची, असे दुहेरी ओझे त्याने पुढे वागवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातूनही तो परतला आणि मार्च २००८ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ७६ कसोटी सामने आणि सुमारे ४४ च्या सरासरीने ५,८२५ धावा, एवढ्यावर त्याची कसोटी कारकीर्द थांबली.

तो पुढे दिसला नाही, हे मात्र केवळ आपल्या बाजूने खरे आहे. सॉमरसेट या आपल्या कौंटीसाठी तो २०१९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला, त्याच्या प्रथम श्रेणीतील धावा २६ हजारांच्या पुढे गेल्या आणि नंतर तो इंग्लंडच्या संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. त्याची फलंदाजी शाबूत होती, मोडले होते ते महिनोन्महिने घराबाहेर राहण्याचे बळ. आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटची रचना अशी आहे की ते बळ नसेल तर उरलेल्या गुणांना तिथे वाव मिळत नाही. आजारामुळे कारकीर्द संपली, असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा नोकरीच्या अटी आणि आजार यांचा मेळ बसला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची मालिका सुरू असताना त्याने मानसिक थकव्यामुळे विश्रांती घेतली, आणि या वेळी तिथल्या क्रिकेट मंडळाने कारण लपवले नाही. काही आठवड्यांत तो खेळायला लागला. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ अशी असताना त्याने अफगाणिस्तानविरुद्ध काय केले, ते महाराष्ट्रातील क्रिकेटप्रेमींना सांगायला नको. पायात गोळे येऊन धावता येत नसताना केलेल्या त्या नाबाद २०१ धावा विश्रांती घेणाऱ्याला कच्चा समजणाऱ्यांनी जरूर आठवाव्यात. मॅक्सवेलने विश्रांती घेतली तेव्हा त्याचे समर्थन करताना विराट कोहलीने २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यातील स्वतःची अवस्था सांगितली होती. त्या दौऱ्यात दहा डावांत त्याच्या एकूण १३४ धावा झाल्या होत्या, आणि आपल्याला काय होत आहे हे त्या वेळी कुणाला कसे सांगावे, तेच त्याला कळत नव्हते.

सगळेच असे परततात, असे मी म्हणणार नाही. इंग्लंडचा फलंदाज जोनाथन ट्रॉट २०१३ च्या अ‍ॅशेस मालिकेतून पहिल्याच कसोटीनंतर परतला, २०१५ मध्ये पुन्हा संघात आला आणि तीन कसोट्यांनंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून गेला.

पूर्वीचे खेळाडू सोसत होते, या विधानात एक गफलत आहे. जे सोसून टिकले, त्यांचीच नावे आपल्याला माहीत आहेत. जे टिकले नाहीत, त्यांच्या नावापुढे ‘फॉर्म हरवला’, ‘लहरी होता’, ‘दारूत बुडाला’ असे शेरे पडले आणि ते विसरले गेले. जाता जाता सांगते, आपण पाहिलेल्या त्याच नागपूर कसोटीत इंग्लंडचा फिरकी गोलंदाज माँटी पानेसर यानेही पदार्पण केले होते आणि सचिन तेंडुलकर हा त्याचा पहिला बळी होता. पुढे पानेसरनेही आपल्या मानसिक आजाराविषयी उघडपणे सांगितले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कबड्डीत चढाईपटू आहे आणि खेळाडू कोट्यातून त्याला सरकारी नोकरी लागली आहे. दीड वर्षापूर्वी त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. गुडघा बरा झाला असे डॉक्टर म्हणतात, पण तो सरावाला जात नाही आणि गेला तर कुणाशी तरी भांडून येतो. दोनदा त्याला शिबिरातून घरी पाठवले. रोज रात्री पितो, कामावर न सांगता गैरहजर राहतो. प्रशिक्षक म्हणतात, “डोक्यात हवा गेली आहे, दुसरे काही नाही.” परवा तो मला म्हणाला, “आता जगून तरी काय करायचं, ताई?” मानसोपचार सुरू केल्याचे कळले तर नोकरी जाईल, या भीतीने आई-वडील गप्प आहेत. हा आजार आहे की माज?
— एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर : आपण पत्रात शेवटी लिहिलेली गोष्ट मी सर्वांत आधी घेते. तो आपल्याला म्हणाला ते वाक्य त्राग्याचे समजून सोडून देऊ नका. त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा, “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे, बहुतेकांना कुणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. तो होय म्हणाला किंवा उत्तर टाळू लागला तर त्याला एकटे ठेवू नका, घरातील शेतीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. पत्राच्या उत्तरासाठी हा अंक हाती पडेपर्यंत थांबावे लागू नये, म्हणून एवढा मजकूर आम्ही आपल्याला आधीच कळवला आहे.

आता आजार की माज, याविषयी. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारा माणूस, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. तरुण पुरुषांत, आणि त्यातही अंगाने बोलणाऱ्या खेळांत वाढलेल्या मुलांत, ते अनेकदा चिडचिड, भांडणे, दारू आणि बेफिकिरी अशा रूपात समोर येते. प्रशिक्षकांना दिसते ते वर्तन. त्याला ‘बेशिस्त’ हे नाव देणे सोपे जाते, आणि एकदा ते नाव पडले की पुढची प्रत्येक घटना त्याच खात्यावर जमा होते. आपण क्रम तपासा. दुखापतीपूर्वी तो असाच भांडखोर होता का? नसेल, तर दीड वर्षापूर्वी नेमके काय हरवले याचा विचार करावा लागेल. चढाईपटूचा गुडघा गेला की पहाटेचा सराव, मॅटवरचे सोबती आणि गावातील ओळख एका झटक्यात थांबते. शस्त्रक्रियेने लिगामेंट जोडले जाते. पण पकडीत सापडताना तोच पाय पुन्हा मुरगळेल, ही भीती शस्त्रक्रियेने जात नाही, आणि भीती वाटते असे कबूल करण्यापेक्षा भांडून सरावातून निघून जाणे बरे वाटते. दारूने तात्पुरती झोप लागते, पण ती तुटक असते, आणि काही आठवड्यांत दारूच उदासी वाढवू लागते. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा : पकडीत किंवा पडताना त्याच्या डोक्याला कधी जोराचा मार लागला होता का? तशा मारानंतरही चिडचिड, डोकेदुखी आणि निद्रानाश दीर्घकाळ राहू शकतात.

आजार आहे म्हणजे वर्तनाची जबाबदारी उरत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू रॉन आर्टेस्ट याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी डेट्रॉइटजवळच्या सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्या अंगावर पेय फेकले, तेव्हा तो थेट प्रेक्षकांत घुसला आणि मारामारी झाली. त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित करण्यात आले. एकूण ८६ सामने त्याला मुकावे लागले आणि त्या वर्षीचे वेतनही गेले. ती शिक्षा चुकीची होती असे कुणी म्हणत नाही. परंतु त्याच आर्टेस्टने जून २०१० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून विजेतेपद पटकावल्यावर मैदानावरच्या मुलाखतीत आपल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे जाहीर आभार मानले, आणि नंतर त्या विजेतेपदाची अंगठी सोडतीत काढून आलेला पैसा मानसिक आरोग्याच्या कामासाठी दिला. आपल्या भावाला आजवर शिक्षा दोनदा मिळाली आहे, उपचार एकदाही मिळालेला नाही.

नोकरीच्या भीतीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण उपचार सर्वांत जास्त इथेच अडतात. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क आहे; काही मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर कार्यालयाला किंवा संघाला परस्पर काही कळवू शकत नाहीत. वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळावी, असेही तो कायदा सांगतो. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार, नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. प्रत्येक नैराश्य कायद्याच्या अर्थाने दिव्यांगत्व ठरत नाही, हे खरे. पण आपल्या भावाच्या नोकरीला आज खरा धोका आहे तो न सांगता राहिलेल्या गैरहजेरीचा. तज्ज्ञाकडे नेल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर रीतसर रजा मिळू शकते. ज्या उपचाराने नोकरी जाईल असे आई-वडिलांना वाटते, त्याच उपचाराने ती वाचण्याची शक्यता अधिक आहे, हे त्यांना समजावून सांगा.

प्रश्न : मी राष्ट्रीय स्तरावरील पिस्तूल नेमबाज आहे. स्पर्धेपूर्वी छाती धडधडते आणि हात थरथरतो म्हणून ओळखीच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. मैत्रीण म्हणते, मानसिक आजाराच्या सगळ्याच गोळ्या डोप चाचणीत पकडल्या जातात. हे खरे आहे का?
— एक नेमबाज, पुणे

उत्तर : सगळ्या पकडल्या जात नाहीत, पण आपल्या खेळात नेमकी हीच गोळी घातक ठरू शकते. धडधड आणि थरथर थांबवण्यासाठी साधारणपणे प्रोप्रानोलोलसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे दिली जातात. इतर बहुतेक खेळांत त्यांना मनाई नाही. नेमबाजी आणि तिरंदाजीत मात्र ती स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत, कारण स्थिर हात हाच तिथे अवाजवी फायदा ठरतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू याने मिळवलेली रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके प्रोप्रानोलोल आढळल्यामुळे काढून घेण्यात आली. तेव्हा गोळी घेण्यापूर्वी तिच्या वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव पाहा आणि आपण नेमबाज आहोत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी लिहून दिले होते, एवढे सांगून सुटका होत नाही.

नैराश्य आणि चिंतेवर हल्ली सर्वाधिक दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे निषिद्ध यादीत नाहीत. लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेट मात्र स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. ते खरोखर आवश्यक असेल तर ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेकडे किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेकडे उपचारासाठीची सवलत आगाऊ मागावी लागते. आपल्याच खेळातील अभिनव बिंद्राने २००८ चे सुवर्णपदक जिंकल्यानंतर आलेल्या नैराश्याविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे त्रास फक्त स्पर्धेपूर्वीच होतो, असे धरून चालू नका.

प्रश्न : आमच्या क्लबने क्रीडा मानसशास्त्रज्ञ नेमायचे ठरवले आहे. तेवढे पुरेसे होईल का?
— एका क्लबचे चिटणीस, ठाणे

उत्तर : निर्णय चांगला आहे, पण कामाची विभागणी नीट समजून घ्या. क्रीडा मानसशास्त्रज्ञ मुख्यतः एकाग्रता, दडपण आणि सरावाची मानसिक तयारी यांवर काम करतात. आजाराचे निदान आणि औषधोपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे असतात, म्हणून खेळाडूला कुणाकडे पाठवायचे ते नाव आधीच ठरलेले असावे. दुसरे, मानसशास्त्रज्ञाने खेळाडूविषयी केलेल्या नोंदी निवड समितीपुढे जाणार नाहीत, असे क्लबने लेखी द्यावे. तसे नसेल तर तिथे कुणीही खरे बोलणार नाही आणि आपला खर्च वाया जाईल.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. ज्या फेब्रुवारीत ट्रेस्कोथिक बडोद्याहून घरी गेला, त्याच महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाचा २२ वर्षांचा गोलंदाज झॅक ग्रिंकी सराव शिबिर सोडून घरी निघून गेला. त्याला समाजभयाचा विकार आणि नैराश्य असल्याचे निदान झाले. संघाने त्याला हवा तेवढा वेळ दिला, उपचारांनंतर आधी खालच्या दर्जाच्या संघातून खेळवले आणि मगच मुख्य संघात घेतले. २००९ मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम गोलंदाजाला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने जिंकला आणि २०२३ पर्यंत तो खेळत राहिला. गुडघ्याच्या दुखापतीनंतर खेळाडू टप्प्याटप्प्याने मैदानावर कसा आणायचा, याचे वेळापत्रक आपल्या क्लबकडे नक्कीच असेल. तोच कागद समोर ठेवून हे दुसरे वेळापत्रक तयार करता येईल.