गिझो वाचताना

चि. मित्रा,

पत्र मिळालं. इतिहासात एम. ए. करून मग राजकारणात उतरणार म्हणतोस. ‘इतिहास पचवलेला माणूस सत्तेत चुकत नाही’ हे तुझं वाक्य वाचलं आणि हसू आलं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच इतिहासकार आणि मंत्री फ्रान्स्वा गिझो, त्याचं चरित्र वाच. पण त्याची भाषणं आधी वाचू नकोस, मोहात पडशील.

1794 साली, फ्रेंच राज्यक्रांतीत, बापाचं डोकं गिलोटिनखाली गेलं तेव्हा पोरगं सहा वर्षांचं. आई दोन्ही मुलांना घेऊन जिनिव्हाला गेली. तिथे पुस्तकांबरोबर सुतारकामही शिकला म्हणे. पंचविशीत पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक. 1822 मध्ये सरकारने त्याची व्याख्यानं बंद केली. सहा वर्षं! त्या काळात हा रडत बसला नाही, इंग्लंडच्या राज्यक्रांतीचा इतिहास लिहायला घेतला. पहिला चार्ल्स राजा हट्टापायी कसा गेला, ते त्याने बारकाईनं मांडलं. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

शिक्षणमंत्री झाल्यावर 1833 चा कायदा आणला. प्रत्येक कम्यूनने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या घटकाने, मुलांसाठी प्राथमिक शाळा चालवायची. प्रत्येक जिल्ह्याने शिक्षक घडवायची सोय करायची. मुलींच्या शाळांची सक्ती मात्र नव्हती, हेही सांगायला हवं. तरी माझ्या मते त्याचं खरं स्मारक हेच. लोक लक्षात ठेवतात ते ‘श्रीमंत व्हा’ हे वाक्य, आणि तेही अर्धंच. पुढचं ‘कष्टाने, काटकसरीने’ गळून पडतं. स्वतः तो पैशाच्या बाबतीत स्वच्छ होता, हे टीकाकारही मान्य करत.

मग तो चुकला कुठे? पुढे लुई-फिलिप राजाच्या सरकारचा प्रमुख झाल्यावर. साडेतीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम अडीच लाख, कारण दोनशे फ्रँक थेट कर भरणाऱ्यालाच मत. लोक मताधिकार वाढवा म्हणत होते, हा ढिम्म. सभांवर बंदी होती म्हणून विरोधकांनी मेजवान्या भरवल्या आणि तिथे भाषणं केली. फेब्रुवारी 1848 मध्ये पॅरिसमधली मेजवानीही बंद पाडली. 23 तारखेला राजाने गिझोला घरी बसवलं, दुसऱ्या दिवशी राजालाही गादी सोडावी लागली.

चार्ल्सचा हट्ट अचूक टिपणाऱ्याला स्वतःचा दिसला नाही. आणि लंडनला पळून गेल्यावर काय केलं, ठाऊक आहे? पुन्हा इंग्लंडच्याच क्रांतीचा इतिहास पुढे लिहायला बसला. चार्ल्सनंतर इंग्लंडची सत्ता हाती घेणाऱ्या क्रॉमवेलवरचे खंड 1854 चे.

पुढच्या महिन्यात पुण्याला आलास की ये. माझ्याकडची प्रत घेऊन जा. समासातल्या माझ्या पेन्सिलच्या शिव्यांकडे दुर्लक्ष कर.

तुझा,
सर