घरातला बोका लिटर-ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी लिटर, म्हणजे शोषून घेणारे दाणे, भरलेला ट्रे) सोडून गादीवर लघवी करतो, काय करावं? (सातारा, फ्लॅट, ३ वर्षांचा बोका, नसबंदी झालेली)

आधी एक गोष्ट आजच तपासा. तो वारंवार बसतो, ओरडतो, पण थेंबभरच लघवी होते किंवा अजिबात होत नाही, असं आहे का? असेल तर उद्यावर टाकू नका. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. जवळचा डॉक्टर नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. लघवीत रक्त दिसलं तरी तपासणी हवीच.

आजार नसेल तर दोष बहुतेकदा ट्रेचा असतो. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. बाजारातले बरेच ट्रे लहान पडतात, त्यापेक्षा प्लास्टिकचं पसरट घमेलं बरं. बिनवासाचं, बारीक दाण्याचं लिटर ५ ते ७ सेंटिमीटर भरा. घाण रोज दोनदा काढा. एका मांजराला दोन ट्रे, वेगवेगळ्या जागी, वॉशिंग मशीन आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब. पावसाळ्यात नदीची वाळू वापरत असाल तर ती ओलसर राहते, कुबट वास मारते, आणि मांजर ती नाकारतं.

गादी फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना विषारी आहे. एन्झाईम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं द्रव) मुरवून तसाच सुकू द्या. वास उरला की बोका पुन्हा तिथंच जाणार. आणि त्याला रागावू नका, मारू तर नकाच. घाबरलेलं मांजर लपून लघवी करतं.