वाचकांचे प्रश्न : न जोडलेलं विमान भिंतीवर

प्रश्न : स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या मॉडेलचा किट न जोडता, सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीलाच ठेवून एका रंगात रंगवायचा आणि फ्रेम करायचा आहे. पहिल्या प्रयत्नात रंगाचे पोपडे निघाले. काय चुकलं?

उत्तर : बहुधा धुणं राहिलं. भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश प्लास्टिकवर उरतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका, मऊ टूथब्रशने चौकट घासा आणि रात्रभर निथळत ठेवा. फडक्याने पुसू नका. धागा चाकाच्या दांडीत अडकला की दांडी तुटलीच. पाणी कढत नको, किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन वाकतं. (चौकट मुळातच वाकडी असेल तर याच दोषाचा उपयोग होतो : साधारण ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून सपाट काचेवर ठेवा आणि गार होईपर्यंत वर वजन ठेवा.) निखळलेला भाग प्लास्टिक सिमेंटच्या (मॉडेल जोडायच्या गोंदाच्या) एका थेंबाने, मागून, रंगाआधीच जोडून घ्या.

दर्शनी बाजू आत्ताच ठरवा. धडाचे अर्धे भाग बाहेरून दिसतात त्या बाजूने पंखाचा एखादा तुकडा नेमका आतून दिसतो, वर साच्यातल्या पिनांचे वाटोळे ठसे. तो कापून उलटा चिकटवण्याचा मोह टाळा. भागांच्या आकड्यांच्या चकत्याही राहू द्या. निम्मी गंमत त्यांतच आहे.

आधी प्रायमर म्हणजे अस्तराचा हात, मग रंग. डबा २० ते २५ सेंटिमीटर दूर धरा आणि फवारा चौकटीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. एक जाड हात मारला तर पत्र्यांच्या जोडरेषा बुजतात. तीन पातळ हात द्या, मध्ये १०-१५ मिनिटं जाऊ द्या. प्रत्येक हाताला चौकट पाव फेरा फिरवा, नाहीतर चौकटीची काडी भागाला मिळते तिथे एका बाजूला मूळ प्लास्टिक डोकावत राहतं. गाडीचा स्प्रे वापरणार असाल तर आधी मागच्या कोपऱ्यावर मारून पाहा. त्यातलं थिनर प्लास्टिक खाऊ शकतं. दमट हवेत लॅकर (झटपट वाळणारा स्प्रेचा रंग) पांढुरकं पडतं, तेव्हा त्या दिवशी थांबा.

प्रश्न : पारदर्शक कॅनोपी (वैमानिकावरचं झाकण) आणि रबरी टायर यांचं काय करायचं?

उत्तर : कॅनोपीची छोटी चौकट रंगवू नका, तशीच शेजारी लावा, एकरंगी पसाऱ्यात तोच एक तुकडा चमकतो. टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर ते प्लास्टिकला टेकू देऊ नका. व्हिनाइलमधलं मऊ ठेवणारं द्रव्य झिरपतं आणि कालांतराने पॉलिस्टायरीन विरघळवतं. आमच्या मते ते वगळावेतच.

प्रश्न : फ्रेममध्ये बसवायचं कसं? दुहेरी टेप टिकत नाही.

उत्तर : टिकणार नाहीच. चौकटीची काडी गोलसर असते, टेपला जेमतेम एक रेघ चिकटायला मिळते. गरम गोंदाने बारीक काड्या वाकतात. सुपरग्लूची वाफ कॅनोपीवर आणि काचेच्या आतून पांढरी पूड धरते. तार वापरा. आम्लरहित माउंट बोर्डवर (फ्रेममध्ये मागे लावायच्या जाड पुठ्ठ्यावर) चौकट ठेवा, काडीच्या दोन्ही बाजूंना टाचणीने भोकं पाडा आणि ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार ओवून मागे पीळ द्या. चार कोपरे आणि मध्ये दोन जागा पुरतात. पीळ बेताचाच द्या, जास्त आवळलं की काडी कमान धरते.

फ्रेम खोल, पेटीसारखी हवी. सर्वांत उंच भाग मोजा, त्यात १० मिलिमीटर मिळवा आणि तेवढं अंतर बोर्ड व काचेमध्ये ठेवा. इनॅमल रंग हाताला कोरडा लागला तरी आतून दिवसेंदिवस वाफा सोडतो आणि बंद पेटीत काच धुरकटते. नाक जवळ नेऊन हुंगा. वास येत असेल तर काच अजून लावू नका.