जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कागल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. राजारामपुरीतील एका गल्लीत १९८८ साली बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले आणि सोळा घरे असलेल्या अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरचा ७८० चौरस फुटांचा टू बीएचके फ्लॅट मला ३२ लाखांना मिळतो आहे. लिफ्ट नाही. फरशी, संडास-बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, वायरिंग सगळे मूळचेच आहे. ठेकेदार सहा लाखांत सर्व नवे करून देतो म्हणतो आणि त्यानंतर महिना १२,००० रुपये भाडे सहज येईल, असे एजंटाचे म्हणणे आहे. पुढेमागे इमारतीचा पुनर्विकास झाल्यास मोठा फ्लॅट मिळेल, हाही विचार आहे. घ्यावा का?

उत्तर : आपणच दिलेले आकडे आधी कागदावर मांडू. कोल्हापूर महापालिका हद्दीत अधिभारासह मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजार रुपये होते. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. नूतनीकरणाचे सहा लाख आणि वकिलाचा खर्च धरला, तर आपले सव्वाचाळीस लाख रुपये या व्यवहारात अडकतात. (खरेदी केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.) भाडेकरू बदलताना वर्षातला एखादा महिना घर रिकामे राहते, हे गृहीत धरून भाडे १ लाख ३२ हजार रुपये येईल. त्यातून घरफाळा, मेंटेनन्स आणि किरकोळ दुरुस्त्यांचे तीस हजार वजा केले की हाती लाखभर रुपये राहतात. हा परतावा जेमतेम अडीच टक्के आहे आणि बँकेतली साधी मुदत ठेवसुद्धा याहून अधिक देते. याचा अर्थ असा की केवळ भाड्यासाठी हा फ्लॅट घेणे परवडत नाही. उद्या त्याची किंमत वाढणार असेल, तरच या व्यवहाराला अर्थ आहे. ती किंमत आपल्या नव्या टाइल्सवर फारशी ठरत नाही. सोळा घरांची मिळून ती इमारत कशी आहे आणि उरलेली पंधरा कुटुंबे खिशात हात घालायला तयार आहेत का, यावर ती ठरते.

म्हणून फ्लॅट पाहायला पुन्हा जाल तेव्हा फ्लॅटच्या आधी इमारत पाहा, आणि शक्य असेल तर जुलैच्या संततधारेत पाहा. पार्किंगमधल्या खांबांवर तळापासून वर उभ्या भेगा गेल्या आहेत का, बाल्कनीच्या आणि जिन्याच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला तपकिरी ओघळ आहेत का, हे पाहा. अशा ठिकाणी एखाद्या जाड नाण्याने गिलावा ठोकून बघा. पक्क्या काँक्रीटवर टणक आवाज येतो. गिलावा सुटला असेल, तर रिकाम्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. सळी गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो, त्यामुळे वरून दिसणारी भेग हा त्या आजाराचा बराच पुढचा टप्पा असतो. ज्या इमारतीत अशा भेगा सिमेंट भरून रंगाने झाकलेल्या दिसतील, तिथे मला तरी अधिक धास्ती वाटते, कारण आजार आहे हे रहिवाशांना ठाऊक आहे आणि उपचार टाळायचे ठरले आहे.

हे सारे प्राथमिक पाहणीचे झाले. खरा निवाडा स्ट्रक्चरल ऑडिटचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५ (अ) नुसार वापरात येऊन तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे मालकांवर बंधनकारक आहे. आपली इमारत १९८८ ची असेल, तर ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. तेव्हा अहवाल मागा. अहवालात केवळ ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढेच एका पानावर लिहिलेले असेल, तर त्यावर विसंबू नका. काँक्रीटची मजबुती न तोडता तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीचे खांबनिहाय आकडे त्यात असायला हवेत. काँक्रीटचा ताजा कपचा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रसायनाचे थेंब टाकण्याची एक साधी चाचणी असते: काँक्रीट निरोगी असेल, तर ते गर्द गुलाबी होते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा क्षारधर्म घालवला असेल, तर रंग येत नाही आणि आतल्या सळीचे संरक्षण संपले असे समजावे. रंग न येणारा थर सळीच्या कितपत जवळ पोहोचला आहे, एवढे इंजिनिअरला विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

आपण एक गोष्ट लिहिली आहे, पण तिचे वजन आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. फ्लॅट सर्वांत वरचा आहे. कायद्याने गच्ची सर्वांच्या सामाईक मालकीची असते. ओल मात्र एकट्या वरच्या मजल्यावर उतरते. मी राहतो त्या इमारतीत गच्चीचा विटांच्या तुकड्यांचा (ब्रिकबॅट) कोबा उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करण्याचा विषय सलग तीन वार्षिक सभांत निघाला आणि तिन्ही वेळा तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी ‘पाणी तुमच्याकडे गळते, मी कशाला पैसे देऊ?’ हा एकच प्रश्न विचारून तो बारगळवला. शेवटी वरच्या चौघांनी पदरमोड केली. गच्चीची दुरुस्ती हा सामाईक खर्च आहे हे त्या गृहस्थांना दाखवून दिले होते, परंतु नियम दाखवणे आणि धनादेश मिळवणे यांत बरेच अंतर असते. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याचे शेड मारतात. तसे शेड आपल्या इमारतीवर असेल, तर त्याला महापालिकेची परवानगी आहे का हे विचारा, आणि पत्र्याखालचा स्लॅब मुद्दाम वर चढून पाहा.

माणसांचा अंदाज कागदांवरून येतो. गेल्या तीन वर्षांचे जमाखर्च, सभांचे इतिवृत्त आणि थकबाकीची यादी पाहायला मागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) जमा करण्याची तरतूद आहे. जिथे महिना तीन-चारशे रुपये मेंटेनन्स गोळा होऊन तो झाडूवाला, जिन्यातले दिवे आणि मोटारीच्या बिलात संपतो, तिथे खांबांच्या दुरुस्तीसाठी एकदम प्रत्येकी दोन-अडीच लाख काढायची वेळ आली की काय होते, याची कल्पना आपण करू शकता. एजंट ‘मेंटेनन्स अगदी कमी आहे’ हे कौतुकाने सांगतो; जुन्या इमारतीच्या बाबतीत मी ते उलट वाचतो.

आता पुनर्विकास. नोंदणीकृत सहकारी संस्था असेल, तर सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीने निर्णय घेता येतो. आपल्या पत्रात मात्र ‘अपार्टमेंट’ असा शब्द आहे. कोल्हापुरात अनेक इमारती संस्था न करता १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून झालेल्या आहेत, आणि त्यांना संस्थेची ही वाट तशीच्या तशी लागू होत नाही. त्यामुळे घोषणापत्राची प्रत मिळवा आणि जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिला आहे ते पाहा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न विकसकाला त्यात काय मिळणार हा आहे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरित विकास हक्क) वापरून किती जादा बांधकाम करता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. मुख्य रस्त्यावरच्या भूखंडाचे गणित गल्लीतल्या भूखंडाला लागू होत नाही. वास्तुविशारदाकडून हे एकदा तपासून घेतल्याशिवाय पुनर्विकासाच्या आशेपोटी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाडेकरू वाढतील हे सांगताना एजंट बहुधा सर्किट बेंचचाही दाखला देईल. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांचे पक्षकार व वकील आता इथे येतात, ही गोष्ट खरी आहे. पण भाऊसिंगजी रोडला येणाऱ्या वकिलाला गुडघे भरून येणारा तिसरा मजला हवा आहे का, हा निराळा प्रश्न आहे. लिफ्ट नसल्यामुळे वृद्ध आणि लहान मुले असलेली कुटुंबे आपल्या यादीतून आपोआप गळतात. राहतात ते विद्यार्थी आणि एकटे नोकरदार, जे दर वर्ष-दीड वर्षाने बदलतात.

माझा सल्ला असा, की ऑडिटमध्ये दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च दिलेला असेल, तर त्यातला सोळावा हिस्सा आणि गच्चीच्या कामातला आपला वाटा ३२ लाखांतून वजा करून बोली लावा. ऑडिटच नसेल, तर ते होईपर्यंत विसार देऊ नका. आणि व्यवहार झालाच, तर ठेकेदाराच्या सहा लाखांचा क्रम बदला. आधी भिंतीतल्या गंजक्या जीआय (लोखंडी) पाइपांच्या जागी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप, संडास-बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबचे वॉटरप्रूफिंग, अर्थिंगसह संपूर्ण नवे वायरिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण) ही कामे करावीत. ओटा, फरशी आणि फॉल्स सीलिंग पैसे उरले तर. फॉल्स सीलिंग तर वरच्या मजल्यावर मुळीच करू नये, कारण गळती त्याच्या आड वर्षभर लपून राहते.

प्रश्न : पंचगंगेच्या पुराचे पाणी येते अशा भागातील जुन्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतो आहे. मालक म्हणतात, ‘पाणी फक्त २०१९ ला आले होते.’ उंबरा वाढवून आणि चांगले प्लास्टर करून तो वापरता येईल का?

उत्तर : शेजारच्या दुकानदाराला विचारा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी कुठवर होते, हे कोल्हापुरात कोणीही भिंतीवर हात ठेवून दाखवतो. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर गेले होते. आपल्या दारात पाणी साधारण किती फुटांना येते, तो आकडा गल्लीत विचारून घ्या. दर पावसाळ्यात तोच आकडा आपल्याला उपयोगी पडेल.

उंबरा वाढवून फारसे साधत नाही, कारण पाणी दारातून येण्याआधी संडासाच्या भांड्यातून आणि चेंबरमधून उलटे वर येते. ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो. वीज मीटर आणि पंपाचे पॅनेल पुराच्या खुणेच्या वर घेता येतात. पण जमिनीखालची पाण्याची टाकी पुरात बुडते, आणि ती उपसून, धुऊन, निर्जंतुक करून घेईपर्यंत अख्खी इमारत टँकरवर असते. महापालिकेच्या नगररचना विभागातून निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या संदर्भात भूखंड कुठे येतो, हे लेखी घ्या. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे तिथे पुनर्विकासाची आशा धरून गुंतवणूक करण्यात अर्थ नाही. लाल रेषेच्या आत असल्यास अटी कोणत्या हे विचारावे. भाड्यासाठी घेत असाल, तर मी नको म्हणेन. गोदामासाठी तर त्याहून नको.

प्रश्न : आमच्या इमारतीचे मालमत्ता पत्रक अजून मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. बिल्डर हयात नाही. यामुळे फ्लॅट विकताना किंमत कमी येते का?

उत्तर : येते, आणि रास्त कारणाने येते. सिटी सर्व्हेच्या पत्रकावर जमीन आपल्या संस्थेच्या नावे नसेल, तर पुनर्विकासाची बोलणी पहिल्या बैठकीतच थांबतात, आणि बँकही कर्ज देताना अडून बसते. संस्था नोंदलेली असेल, तर मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्यातील कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्याला बिल्डरची किंवा त्याच्या वारसांची सही लागत नाही, मात्र त्यांना नोटीस जाते. प्रत्येक फ्लॅटचा सूची क्रमांक दोनचा उतारा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आधी गोळा करावे. यात वर्ष गेले तरी चालेल, पण विक्रीची जाहिरात त्यानंतर द्यावी.

प्रश्न : शेजारशेजारचे दोन जुने फ्लॅट घेऊन मधली भिंत काढायची आहे. चालेल का? आणि नूतनीकरणाचा खर्च पुढे कर भरताना धरता येतो का?

उत्तर : इमारत खांब-तुळयांची असेल आणि ती भिंत केवळ पडदी (भार न पेलणारी) असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी दाखल्यावर, संस्थेच्या संमतीने आणि महापालिकेकडून नकाशात बदल मंजूर करून घेऊन चालेल. जुन्या काही इमारतींत खांबच नसतात, नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकलेला असतो. तिथे भिंतीला हात लावू नये.

कराविषयी : घरात भर घालणारा भांडवली खर्च विक्रीच्या वेळी खरेदी किमतीत मिळवता येतो, रंगरंगोटी आणि नेहमीच्या दुरुस्त्या मिळवता येत नाहीत. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरावर दीर्घकालीन नफ्याला महागाई निर्देशांकाचा लाभ न मिळता १२.५ टक्के कर आहे, त्यामुळे हा खर्च सिद्ध करणे अधिकच गरजेचे झाले आहे. ठेकेदाराला रोखीने देऊन वहीच्या कागदावर ‘सहा लाख पोहोचले’ असे लिहून घेऊ नका. जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या.