प्रश्न तुमचे : थ्री-नॉट-थ्री

प्रश्न : थ्री-नॉट-थ्री रायफल पोलिसांकडे अगदी परवापरवापर्यंत दिसायची. नव्या रायफली घ्यायला पैसे नव्हते, एवढंच कारण का?

उत्तर : पैशाचा प्रश्न होताच, पण नुसत्या काटकसरीवर कोणतंही हत्यार शंभर वर्षं काढत नाही. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि मेटफर्ड यांची उथळ आट्यांची (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांची) नळी मिळून १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल झाली. पुढे काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि तिच्या उष्णतेने ते उथळ आटे भराभर झिजू लागले. मग एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल आट्यांची नळी काढली आणि १८९५मध्ये ली-एनफिल्ड, म्हणजे आपली .३०३ किंवा थ्री-नॉट-थ्री, जन्माला आली. आपल्याकडे सर्रास दिसायची ती १९०७ची मार्क ३ : नळी २५.२ इंच, वजन चार किलोच्या आसपास. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने हेच मॉडेल स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवलं. काडतुसांचीही चिंता नव्हती. बुडावर ‘के एफ’ अक्षरं असली, तर ते पुण्याजवळच्या खडकीचं.

खरी गंमत बोल्टमध्ये आहे. बोल्ट जागेवर अडकवणारे लग, म्हणजे खुंट्या, माउझर या जर्मन रायफलीत पुढे, चेंबरपाशी (काडतूस बसतं त्या जागेपाशी) असतात. इथे ते मागे आहेत. त्यामुळे बोल्ट मागे कमी ओढावा लागतो आणि मूठ साधारण ६० अंश उचलली की काम होतं, माउझरला ९० लागतात. त्यात मॅगझिन दहा गोळ्यांचं, त्या काळच्या माउझरच्या दुप्पट. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेम धरून गोळ्या झाडायला शिकवत, ते या रचनेच्या जोरावर. अचूकतेत माउझर सरस, हे मान्य करायला हरकत नाही. पण चिखल-धुळीत, रोज वेगवेगळ्या हातांत फिरणारी रायफल म्हणून हिला तोड नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२०च्या प्रजासत्ताक दिनाला.

प्रश्न : मॅगझिन भरल्यावर दुसरी-तिसरी गोळी अडते. स्प्रिंग बदलावी का?

उत्तर : आधी रिम बघा. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. वरच्या गोळीचा रिम खालच्या गोळीच्या रिमच्या मागे बसला, तर बोल्टने वरची पुढे ढकलताच ती खालचीला अडकते. मॅगझिन रिकामं करा आणि एकेक गोळी अशी भरा, की प्रत्येक नवीचा रिम आधीचीच्या पुढे राहील. तरीही अडत असेल, तर मॅगझिनच्या वरच्या ओठांपैकी एखादा वाकलेला असतो. मॅगझिन त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेलं असे, त्यामुळे शेजारच्या रायफलीचं लावून बघणं हा उपाय नव्हे.

प्रश्न : साफसफाईनंतर दोन रायफलींचे बोल्ट बदलले गेले. दोन्ही बसतात. मग बिघडलं कुठे?

उत्तर : बसतात, हाच धोका आहे. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच हवा. परका बोल्ट आला, की दोन्ही लगवर सारखा भार येईलच असं नाही आणि हेडस्पेसही, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस अडतं तिथपर्यंतची जागाही, बदलते. ही रायफल रिमवर हेडस्पेस धरते आणि मर्यादा अगदी थोडी आहे : ०.०६४ ते ०.०७४ इंच. त्यापेक्षा जागा जास्त झाली, की काडतूस ताणलं जातं. रिकामी पुंगळी उजेडात धरा. बुडापासून सुमारे एक सेंटिमीटरवर चकचकीत कडं दिसलं, तर पुंगळी तिथेच तुटायच्या बेतात आहे. तुटली, तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहतो आणि पुढची गोळी आतच जात नाही. नंबर जुळवा, आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून) ही जागा मोजणारं गेज लावून घ्या, तोवर गोळी झाडू नका.

प्रश्न : तेल लावूनही नळीला आतून गंज येतो.

उत्तर : जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) क्लोरेट असतं. जळल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतला ओलावा ओढतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. गोळीबार झाला त्याच दिवशी बोल्ट काढून चेंबरच्या बाजूने नरसाळ्याने दोनेक लिटर उकळतं पाणी ओता. तापलेली नळी आपोआप सुकते. मग पुल-थ्रूला (नळी पुसायच्या दोरीला) ४ बाय २ इंचांची कोरडी चिंधी लावून ओढा, शेवटी तेलाची. ओढायचं चेंबरकडून तोंडाकडे आणि सरळ रेषेत. दोरी तिरकी ओढली, तर ती तोंडाशी घासून खाच पाडते आणि नेम बिघडतो तो कायमचा.

प्रश्न : ७.६२ मिलिमीटरची गोळी हिच्यात चालते का?

उत्तर : नाही. काडतूसच वेगळं आहे आणि त्याला तसा रिमही नाही. इशापूरने १९६०च्या दशकात ७.६२साठी २ए आणि २ए१ या स्वतंत्र रायफली अधिक मजबूत पोलादात काढल्या. चौकोनी, बारा गोळ्यांचं मॅगझिन ही त्यांची खूण.

प्रश्न : परवान्यावर मिळेल का?

उत्तर : .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, त्यामुळे साध्या परवान्यावर नाही. नागरिकांसाठी इशापूरची .३१५ आहे, बोल्ट ली-एनफिल्डच्याच धाटणीचा, काडतूस वेगळं. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनांतच धरलं जातं.